आधी कांदा, मग केझेश्पेट्स्ले

ऑफिसमधून आल्यावर कोट खुंटीला लावायचा, हात धुवायचे आणि पहिल्यांदा कांदा चिरायला घ्यायचा. पाणी उकळत ठेवणं, पीठ मोजणं, चीज किसणं हे सगळं त्याच्यानंतर. केझेश्पेट्स्ले मधल्या वारी, कामावरून दमून आल्यावर होतात का, असं मला इथल्या मैत्रिणी विचारतात आणि पुण्याची मावसबहीणही विचारते. होतात. पाऊण तासात पानात पडतात. फक्त कांदा सगळ्यात आधी चढला पाहिजे, कारण या पदार्थात खरा वेळ तेवढाच लागतो. बाकीची सगळी कामं कांदा परतून होईस्तोवर आरामात उरकतात.

ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अंडी घालून भिजवलेल्या सैल पिठाचे आखूड, वेडेवाकडे नूडल म्हणजे श्पेट्स्ले. ते उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच किसलेल्या चीजबरोबर थरावर थर लावायचे आणि वरून लोण्यात परतलेला तांबूस कांदा पसरायचा. झाले केझेश्पेट्स्ले. दक्षिण जर्मनीतला श्वाबेन आणि आल्गॉय हा याचा मुलूख. सीमेपलीकडे ऑस्ट्रियाच्या फोरआर्लबेर्गमध्ये आणि स्वित्झर्लंडमध्येही याची भावंडं आहेत.

आम्ही राहतो एस्लिंगेनला, स्टुटगार्टच्या शेजारी, नेकार नदीच्या काठी. नोव्हेंबर लागला की इथे पाच वाजायच्या आत अंधार पडतो. एस-बान या लोकल गाडीतून उतरून घरापर्यंत चढ चढायचा, तोवर गार वारं कानात शिरलेलं असतं आणि पोटात नुसता खड्डा. अशा संध्याकाळी मला पोळी-भाजीसुद्धा पुरत नाही, असं मी मनापासून सांगते, आणि मी सांगलीची आहे, पोळी-भाजीवर वाढलेली. त्या थंडीला जे लागतं ते याच हवेत जन्मलेल्या पदार्थात आहे. पीठ, अंडी, चीज, लोणी. डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरात हिवाळ्यात जे असायचं तेच.

तर कांदा. दोन मोठी माणसं आणि एक नऊ वर्षांची लेक यांना तीन मोठे कांदे लागतात. उभे, पातळ, पण कागदासारखे नाही. जाड बुडाच्या कढईत मोठा चमचा लोणी आणि लोणी जळू नये म्हणून थोडं तेल. कांदा टाकला की चिमूटभर मीठ, दोन मिनिटं मोठी आच आणि मग मंद. साखर घालायची नाही. कांद्यात मुळातच पुरेशी साखर असते, ती बाहेर यायला वेळ द्यायचा एवढंच. आधी कांदा पाणी सोडतो आणि कढईतून चुरचुर आवाज येतो. पंधरा मिनिटांनी तो आवाज बदलतो, पाणी आटून लोण्याचा तडतडाट सुरू होतो. तो बदल कानाला कळला की उलथनं हातात घ्यायचं, कारण आता कडा रंग धरायला लागतात. मधला भाग मऊ आणि कडा तांबूस झाल्या की गॅस बंद. एखादी कडा काळसर झाली तरी चालते, मला ती आवडते.

इथे दुकानात डब्यात तयार तळलेला कांदा मिळतो, कुरकुरीत, आपण बिर्याणीवर घालतो त्या जातीचा. बऱ्याच खानावळी पिठात घोळवून तळलेला कांदाही घालतात. पाहुणे असतील आणि दिसायला छान हवं असेल तर ठीक. पण घरी खाताना मऊ कांदाच हवा. चीजच्या खारटपणाला तो गोडवा भिडतो आणि त्याचं तपकिरी लोणी खाली थरांमध्ये उतरतं. कुरकुरीत कांदा वरच्या वर राहतो.

कांदा मंद आचेवर गेला की पीठ. ३०० ग्रॅम पीठ, ३ अंडी, चमचाभर मीठ, साधारण १२० मिलिलीटर पाणी. शंभर ग्रॅमला एक अंडं, हा इथल्या घराघरातला हिशोब. पाण्याऐवजी काही जण बुडबुड्यांचं सोडा वॉटर घालतात, पीठ जरा हलकं होतं. जायफळ किसून घालणारेही आहेत आणि मी त्यांच्यातली आहे.

पिठाबद्दल मात्र दोन शब्द जास्त सांगायला हवेत. जर्मनीत पिठाच्या पिशवीवर आकडा असतो. ४०५ म्हणजे आपल्या मैद्याच्या जवळचं पांढरं पीठ. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम खनिज राख उरते, त्यावरून हा आकडा येतो, म्हणून आकडा वाढेल तसा पिठात कोंडा जास्त. पण श्वाबेनमधल्या दुकानात ४०५ च्या शेजारी श्पेट्स्लेचं म्हणून वेगळं पीठ ठेवलेलं असतं. चिमटीत धरलं की ते किंचित रवाळ लागतं. मैदा आणि बारीक रवा यांच्या मधलं दळण. ते पाणी सावकाश पितं, गुठळ्या होऊ देत नाही आणि शिजल्यावर नूडलला चावायला काहीतरी ठेवतं. पुण्या-मुंबईत ते मिळणार नाही. तिथे मैद्यात पाव हिस्सा बारीक रवा मिसळा आणि पीठ वीस मिनिटं झाकून ठेवा. मावसबहिणीनं तसेच केले आणि तिनं पाठवलेला फोटो पाहून मला इथे भूक लागली.

भिजवलेलं पीठ लाकडी डावानं मारायचं. अक्षरशः मारायचं, तळापासून वर ओढत, एका दिशेनं, दंड भरून येईपर्यंत. हळूहळू पीठ चकाकतं, भांड्याच्या कडेपासून सुटतं आणि डाव वर ओढला की खाली मोठे बुडबुडे फुटतात. बुडबुडे दिसले की थांबायचं. डावावरून ते धारेनं वाहायला नको आणि गोळ्यानं पडायलाही नको, सावकाश लांबत जाऊन मग तुटलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की पीठ निवांत होतं, ताणलेले धागे सैल पडतात. तेवढ्यात चीज किसून होतं, पाणी उकळतं आणि सॅलडची पानंही धुऊन होतात.

श्पेट्स्ले पाडायला मला आमच्या घरमालकांनी शिकवलं. तळमजल्यावर राहतात, पंच्याहत्तरीच्या पुढचे, सगळं आयुष्य लेथवर टर्नर म्हणून काढलेले. पत्नी गेल्यापासून स्वतः रांधतात आणि फार मनापासून रांधतात. एका रविवारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि त्यांची लाकडी फळी दाखवली. एका बाजूला धरायला मूठ, दुसऱ्या बाजूची कड तासून पातळ केलेली. वर्षानुवर्षं वापरून मधोमध किंचित खोल झाली आहे. ती फळी त्यांनी उकळत्या पाण्यात बुडवून ओली केली, दोन चमचे पीठ तिच्यावर घेतलं आणि सपाट पत्र्याच्या पट्टीनं कडेपर्यंत पातळ पसरलं. मग फळी पातेल्यावर तिरकी धरून पट्टीनं पिठाची सुतळीएवढी धार कापायची आणि पाण्यात ढकलायची. कापायची, ढकलायची. प्रत्येक पाच-सहा घावांनंतर पट्टी पाण्यात. मनगट जवळजवळ हलत नव्हतं, नुसती बोटं चालत होती. हाताखालून एकेक नूडल सुटत होता आणि मला तो हात लेथवर कसा चालत असेल ते दिसत होतं.

मग पट्टी माझ्या हातात आली. ते शेजारी उभे राहून एवढंच म्हणत होते, "पातळ. अजून पातळ. पट्टी पाण्यात." माझे श्पेट्स्ले सगळे वेगवेगळ्या जाडीचे पडले आणि त्यांनी एक तोंडात टाकून मान डोलावली. "असेच हवेत," म्हणाले, "सारखे दिसायला लागले तर कारखान्यातले आहेत असं लोकांना वाटेल."

आणि खरंच तसं आहे. जाड नूडल दाताखाली थोडा दबतो, बारीक चीजमध्ये जवळजवळ विरघळतो, आणि वेड्यावाकड्या कडांना चीज चिकटून राहतं. गुळगुळीत, एकसारख्या नूडलवरून ते घसरतं. दुकानात फ्रिजमध्ये तयार श्पेट्स्लेची पाकिटं मिळतात, पाच मिनिटांत काम होतं. रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या माणसानं ती आणावीत, त्यात वावगं काही नाही. पण अर्धा तास असेल तर ताजे पाडा. फरक डाळीच्या पाकिटाचा आणि घरच्या वरणाचा आहे.

फळीवर हात बसेपर्यंत दुसरे मार्ग आहेत. एक प्रेस असतो, आपल्या सोऱ्याचाच मोठा आणि लांब दांड्यांचा भाऊ. त्यातून लांब, नीट श्पेट्स्ले पडतात. दुसरी सरकती किसणी. भोकांच्या पत्र्यावर चौकोनी कप पुढेमागे सरकवला की खाली थेंब पडतात. थेंबांसारखे पडले की त्यांना क्नॉप्फले म्हणतात. अगदी दमलेल्या दिवशी मी ही किसणीच काढते, सगळं पीठ चार-पाच मिनिटांत संपतं. आणि क्नॉप्फले काही कमी प्रतीचे नव्हेत. २०१२ साली युरोपीय संघानं 'श्वेबिश श्पेट्स्ले' (श्वेबिश म्हणजे श्वाबेनचे) या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं, त्यात 'श्वेबिश क्नॉप्फले'चंही नाव आहे. घरमालकांना हे सांगितलं तर ते फळीकडे बघत गप्प राहिले.

आता चीज. इथे काटकसर करू नका. ३०० ग्रॅम पिठाला मी २५० ग्रॅम चीज घेते. दीडशे ग्रॅम बेर्गकेझे, शंभर ग्रॅम एमेंटालर. दोघांची कामं वेगळी. बेर्गकेझे म्हणजे डोंगरातलं चीज, कच्च्या दुधाचं, महिनोन् महिने मुरवलेलं. चव त्याची, खारट, खमंग, थोडी भाजलेल्या दाण्यांकडे झुकणारी. पण मुरलेलं चीज ताणलं जात नाही. ताण येतो तरुण एमेंटालरमुळे. चमचा वर उचलला की पानापर्यंत जी तार येते ती त्याची. नुसतं एमेंटालर घातलं तर तारा भरपूर आणि चव मिळमिळीत. नुसतं जुनं बेर्गकेझे घातलं तर चव भरपूर, पण चीज रवाळ होऊन तूप सोडतं. आल्गॉयमध्ये यात लिंबुर्गर किंवा वाइसलाकरसारखं उग्र वासाचं चीजही थोडं घालतात. एकदा ओबर्स्टडोर्फच्या वरच्या एका डोंगरातल्या खानावळीत तसे खाल्ले, थेट पितळी कढईत आले होते. वास दारातूनच यायचा आणि चव विसरता येत नाही अशी. घरी लेक तो वास चालवून घेत नाही म्हणून मी घालत नाही.

आल्गॉय म्हटलं की आज आपल्याला हिरवे उतार आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई दिसतात. पण दोनशे वर्षांपूर्वी तो मुलूख निळा होता. सगळीकडे जवस पेरलेलं, त्याची निळी फुलं, आणि घराघरात त्याच्या धाग्याचं कापड विणलं जायचं. यंत्रावरचं स्वस्त सुती कापड आलं आणि हा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकात तिथले लोक गाईंकडे आणि चीजकडे वळले. एमेंटालर करायला स्वित्झर्लंडमधून कारागीर आणले गेले, आणि कार्ल हिर्नबाइन नावाच्या आल्गॉयच्याच शेतकरी-उद्योजकानं लिंबुर्गर रुजवलं. जवसाच्या शेतांची कुरणं झाली. आपण जो पदार्थ 'पारंपरिक' म्हणून खातो त्यातलं चीज कापूस-गिरण्यांच्या धक्क्यातून आलं आहे, हे मला सांगलीच्या, हातमाग आणि यंत्रमागांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला फार जवळचं वाटतं.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. माझा नवरा अंडी खातो, मांस-मासे नाही. श्वाबेनमधल्या जवळपास प्रत्येक खानावळीच्या यादीत त्याच्यासाठी हमखास असलेला पदार्थ म्हणजे केझेश्पेट्स्ले. पण दोन गोष्टी विचारायच्या. एक, कांद्यात श्पेक म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे आहेत का. काही ठिकाणी ते न सांगता घालतात. दुसरी गोष्ट चीजची. बेर्गकेझेसारखी परंपरागत चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पाकिटावर 'मिक्रोबिएलेस लाब' असं लिहिलेलं बघावं, म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट. शनिवारच्या बाजारात चीजवाल्या बाईंना सरळ विचारलं तर त्या न कंटाळता सांगतात आणि चव घ्यायला तुकडाही कापून देतात. आमच्या घरी असं सूक्ष्मजीवांच्या रेनेटचंच चीज येतं.

भारतात करणार असाल तर चौकोनी वड्यांचं प्रोसेस्ड चीज इथे चालणार नाही. त्यात क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते वितळून गुळगुळीत मलईसारखं होतं, तार येत नाही. मोठ्या दुकानांत ग्रुयेर किंवा एमेंटाल मिळतं, महाग असतं. परवडत नसेल तर मुरलेलं चेडार आणि मोझरेला निम्मं-निम्मं घ्या. चव वेगळी येईल पण वळण तेच राहील.

पाणी खळखळ उकळलं, मीठ पडलं की खरी धावपळ, आणि ती फार तर दहा मिनिटांची. ओव्हन १०० अंशांवर लावून त्यात जाड मातीचं किंवा काचेचं भांडं आधीच तापत ठेवलेलं असतं. श्पेट्स्ले पाण्यात पडतात, बुडतात, मिनिटभरात वर येतात. वर आले की अजून पाव मिनिट आणि झाऱ्यानं थेट गरम भांड्यात. खानावळीवाले साठवायचे म्हणून गार पाण्यात टाकतात. घरी तसं अजिबात करू नका. नूडलवर चिकटलेलं ते पिठूळ गरम पाणीच चीजला धरून ठेवतं, त्याच्यामुळेच तूप वेगळं सुटत नाही. पहिला झारा, मूठभर चीज, मिरपूड. भांडं परत ओव्हनमध्ये. पुढचा घाणा, परत चीज. असे तीन-चार थर होतात. शेवटी उकळीचं दोन चमचे पाणी वरून शिंपडायचं आणि खालपासून एकदाच, एकदाच वर ओढायचं. तारा येतात. त्यावर कढईतला सगळा कांदा, लोण्यासकट.

क्रीम नको. खूप ठिकाणी घालतात, मलाही वाढलं गेलंय, आणि दर वेळी चीजची चव झाकली गेली आहे. भांडं ओव्हनमध्ये ठेवून वर तांबूस पापुद्रा आणायचीही गरज नाही. पापुद्रा कडक होईपर्यंत आतली ओल जाते. ओव्हन फक्त ऊब टिकवायला.

सोबत सॅलड हवंच, त्याच्याशिवाय दुसरा वाढा घेता येत नाही. हिवाळ्यात फेल्डझालाटची बारीक, गर्द हिरवी पानं मिळतात, त्यावर व्हिनेगर, तेल, मीठ, किंचित मोहरी. श्वाबेनमधलं गरम सूप घातलेलं बटाट्याचं ओलसर सॅलडही याच्यासोबत खातात. फोरआर्लबेर्गकडे सफरचंदाची गोड चटणी घेतात. लेकीला ती पद्धत फार पटली आहे. ती आधी सफरचंद संपवते, मग तारा मोजते.

हे जेवण आमच्याकडे ताटांत वाढलं जात नाही. भांडं टेबलाच्या मध्ये, लाकडी तुकड्यावर, आणि तिघांचे काटे आत. बोलणं थोडं कमी होतं. नवरा कोपऱ्यातला चिकटलेला भाग खरवडून काढतो आणि मी तो त्याला काढू देते, कारण मला मधला भाग हवा असतो.

उरले तर, आणि मी मुद्दाम थोडे उरवतेच, दुसऱ्या दिवशी सकाळी कढईत लोणी तापवून ते टाकायचे आणि न हलवता राहू द्यायचे. चीज तळाला लागून खमंग तांबूस होतं, मग उलटायचे, वर एक अंडं फोडायचं. घरमालकांसाठी एक वाटी खाली जाते, माझ्या डब्यात उरलेलं. ऑफिसात दुपारी गरम केलं की शेजारच्या टेबलावरचे श्वेबिश सहकारी वळून बघतात आणि कुठलं बेर्गकेझे घातलंस असं विचारतात. मी बाजारातल्या त्या चीजच्या गाडीचा पत्ता देते.